बुधवारच्या खेळाचा शेवटचा अंक

मी आंतोन ह्रुश्का, वय बहात्तर, धंदा नाटकाच्या सेटची सुतारकी, सध्या घरी बसून, राहणार क्लीव्हलंड, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचे इथे काम नाही. मला कोणी दम दिलेला नाही, फूस लावलेली नाही की दारू पाजलेली नाही. वकील मिस्टर फिंच मात्र "मी लिहून आणतो, तुम्ही फक्त सही करा" असे पुन्हा पुन्हा म्हणत होते, म्हणूनच मी स्वतः लिहायला बसलो.

याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः मागच्या महिन्यातले, ज्यात माझी मुलगी लुड्मिला हिला घर देताना मी अट घातली होती की ती माझ्या शेवटापर्यंत या घरात राहिली तरच ते तिला मिळेल. ती अट का घातली आणि का काढली, ते कलम पाचमध्ये येईल. मधली कलमे कोणी गाळू नयेत.

कलम १. मला माझी पत्नी बोझेना हिच्या शेजारी पुरावे. पेटी ओकची सांगून पाइनची खपवतात, हे मला पक्के ठाऊक आहे. क्लेटन रिग्ज याने पेटीच्या तळाला खिळ्याने ओरखडा काढून पाहावा आणि मगच झाकण लावू द्यावे.

कलम २. माझी सर्व हत्यारे वरील क्लेटन रिग्ज याला. आम्ही एकाच थिएटरात उभा जन्म काढला. मी दारे-खिडक्या केल्या, तो वर पडद्यांचे दोर ओढत बसला. बारीक दातांची करवत मात्र यात धरू नये, कारण ती त्याच्याचकडे आहे. तो नाही म्हणतो. त्याने बायकोसमोर नाही म्हणून दाखवावे.

कलम ३. शेजारीण मिसेस कोवाच दर बुधवारी दुपारी माझ्यापाशी बसतात. त्यांना निळी बरणी आणि तिच्यातली साखर. साखर तशीही त्यांच्याच घरी जात होती.

कलम ४. मुलगा व्हिक्टर ह्रुश्का, जो न्यूयॉर्कच्या जाहिरातींत व्हिक्टर हेल असतो, कारण बापाचे आडनाव छापण्याजोगे नव्हते. बोझेना अंथरुणाला खिळली त्याच महिन्यात तो नट व्हायला गेला. लुड्मिलाचीही शिकागोला जायची बॅग भरलेली होती. तो आधी निघाला, म्हणून ती राहिली. आता तो रोज संध्याकाळी म्हाताऱ्या बापाच्या उशाशी बसून रडणाऱ्या मुलाचे काम करतो, असे त्याने नाताळच्या कार्डात कळवले आहे. लोक रुमाल काढतात म्हणे. खऱ्या बापाचे गुडघे कसे आहेत, एवढे विचारायला त्या कार्डावर जागा उरली नव्हती.

तळघरात सेटचे एक दार चौकटीसकट उभे आहे. उघडले की भिंत लागते. ते व्हिक्टरला. स्वतः उचलून न्यावे. नाटकात दार आपटून घर सोडणारा मुलगा पुढे कुठे जातो, ते मी आयुष्यभर पाहिले आहे: दारामागे स्टुलावर बसतो, गार कॉफी पितो आणि टाळ्यांची वाट पाहतो. आमचा तेवढ्यावर थांबला नाही. माझ्या दफनाच्या वेळी त्याला बोलू देऊ नये. तो फार छान रडेल आणि लोकांना ते खरे वाटेल.

कलम ५. घर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लुड्मिलाला बुधवारी दुपारी सुटी असते. ती आमच्याच थिएटरात नाटकाला जाते, बाल्कनीचे स्वस्त तिकीट काढून. गेला महिनाभर एकच खेळ चालू आहे, घर सोडून जाणाऱ्या मुलाचा. मी म्हटले, जाऊ दे, बाईमाणसाला चार घटका जीव रमवायला काहीतरी हवे. मग एकदा जेवताना ती म्हणाली, "ताता, दुसऱ्या अंकात तो आपटून जातो ते दार तुम्ही केलेलं ना?"

"माझंच. जुन्या सामानातलं."

"तो परत येतो का हो?"

"कोण?"

"तो मुलगा."

"जाऊन बघ की! दर बुधवारी जातेस ना?"

ती भांडी उचलून आत गेली. दर बुधवारी नाटकाला जाणाऱ्या बाईला नाटकाचा शेवट माहीत नाही! मग ही जाते कुठे? आणि कोणाबरोबर? दुसऱ्याच दिवशी मी ती अट लिहून टाकली.

पुढच्या बुधवारी ती बाहेर पडताच मी क्लेटनला ट्रक घेऊन बोलावले. मिसेस कोवाच दारात आडव्या उभ्या राहिल्या, "लुड्मिलाला काय सांगू?" "मेलो म्हणून सांगा," मी म्हटले. थिएटरात क्लेटनने मला मागच्या दाराने पडद्यापाशी नेऊन बसवले. आमच्या पडद्याला डोळ्याएवढे भोक आहे, प्रेक्षक किती आलेत ते नट त्यातून पाहतात. शेवटच्या अंकाआधीच्या मध्यंतरात मी त्याला डोळा लावला.

ती होती. एकटीच. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. दिवे लागताच ती उठली, हातमोजे चढवले, पडद्याकडे एकदा पाहिले आणि बाकीचे सगळे बसलेले असताना घाईने बाहेर गेली.

"बघ! निघाली त्याला भेटायला," मी क्लेटनला म्हटले.

"घड्याळ बघ, गाढवा," तो म्हणाला. "पाच वाजता ताट कोणाला लागतं?"

मला लागते. थिएटरातली माणसे पाचला जेवतात, कारण मग रात्रीच्या खेळाला उभे राहायचे असते. मला कित्येक वर्षांत कोणत्याच खेळाला उभे राहायचे नाही, तरी पाचाच्या ठोक्याला समोर ताट नसले की मी घर डोक्यावर घेतो. घरी पोचलो तेव्हा ती कोट न काढताच बटाटे सोलत होती. "कुठे गेला होतात?" ती ओरडली. मिसेस कोवाचनी निरोप शब्दशः दिला होता.

मला फार वाईट वाटले. तरीही तिचा कोट हुंगून पाहिला. सिगारेटचा वास नव्हता, बटाट्यांचा होता.

म्हणून घर लुड्मिलाला, कोणत्याही अटीशिवाय. राहावे, विकावे, कुलूप लावून शिकागोला जावे. बँकेतले जे असेल तेही तिचेच. मिस्टर फिंच यांनी वाटेत कात्री लावू नये.

कलम ६. मिस्टर फिंच म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवावे. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. उद्या या खेळाचा शेवटचा बुधवार आहे, शनिवारी सेट मोडतील आणि ते दार पुन्हा सामानात जाईल. उद्यापासून बुधवारी मी पाचला जेवणार नाही. लुड्मिलाने पडदा पडेपर्यंत खुर्ची सोडू नये.

हे तोंडाने सांगणे मला जमले नाही, म्हणून सही करण्याआधी क्लेटनने हे कलम इथपर्यंत तिला वाचून दाखवले. ती हात पुसत उभी होती.

"यात काय डाव आहे, ताता?" ती म्हणाली. मुलगी माझीच आहे, यात शंका नाही.

"डाव कसला? पाचला मला भूक लागत नाही."

"जन्मभर लागली ती!"

"सवय होती. मिसेस कोवाच सूप गरम करतील."

"करपवतील."

"करपलेलं खाईन."

ती खुर्ची ओढून बसली आणि तिने एप्रनचे टोक डोळ्यांना लावले. "सांगून टाका ना आता," ती म्हणाली. "परत येतो का तो?"

"जाऊन बघ," मी म्हटले.

क्लीव्हलंड, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७.

सही: आंतोन ह्रुश्का

साक्षीदार, ज्यांना मी काहीही ठेवलेले नाही, त्यामुळे खोटे बोलायचे त्यांना कारण नाही:
फ्रँक झेलेन्का, न्हावी
वॉल्टर प्रिबल, पोस्टमन