निळ्या पेन्सिलीनं काढलेलं तळं

उस्ताद, आज दुपारी डोक्यावरून विमान गेलं आणि मी भर बाजारात, चारचौघांत, मटकन खाली बसलो. भाजीवाली म्हणाली, "काय रे भाऊ, चक्कर आली का?" मी व्हय म्हणालो. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, अजून असंच होतं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चार इयत्तांत माझ्या तीन शाळा झाल्या. बाकीचं तुम्ही विमानाच्या पंखाखाली, सावलीत बसवून शिकवलंत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि जगात लढाई चालू होती. डावा डोळा अधू म्हणून फौजेनं तुम्हाला घेतलं नव्हतं, पण फौजेची विमानं इकडून तिकडं पोहोचवायला तुम्ही तिला चालत होतात. अंगात खाकी, खांद्यावर फीत-बिल्ला काहीच नाही. उत्तरेकडून विमान आणायचं, औरंगाबादच्या माळावर पेट्रोल भरायचं, पुढं हैदराबादला सोडायचं आणि गाडीनं परत जायचं, दुसरं आणायला. मी एकोणीस वर्षांचा, अजिंठ्याकडून पायी येत होतो. विमान बघायला थांबलो तो थांबलोच. कातड्यातून पेट्रोल गाळून टाकीत ओतायचं काम मिळालं. पेट्रोल खाली जातं आणि त्यात मिसळलेलं पाणी कातड्यावर मोत्यासारखं थरथरत राहतं. तासन् तास बघत बसावं असं ते होतं, आणि मी बसायचोही, मग मुकादमाच्या शिव्या खायचो. पण ते राहू दे.

मी मुलूख पायाखाली घातलाय हे कळल्यावर तुम्ही मला 'पैदल' म्हणायला लागलात. फाल्गुनात एक दिवस म्हणालात, "चल रे पैदल, अजिंठ्याचा घाट दिखा मेरेकू. पूरा उन्हाला उदरसेच आना है." इंजिन तपासतो असं मुकादमाला सांगितलंत आणि मला पुढच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलंत. "मेरी बाईं आँख रूठी हुई है. बाईं तरफ तू देख. पानी कां कां है, याद रख. रस्ते बदलते, गावां बढते, पानी झूट नै बोलता."

चाकं सुटली, जमीन खाली गेली. तुम्हाला वाटलं असेल मी डावीकडं वाकून बघतोय. मी वाकलो होतो, खरं आहे. पण डोळे गच्च मिटून. दातांवर दात आपटतायत, वारा कानशिलात मारतोय, मागून तुम्ही ओरडताय, "दिखा क्या?" आणि मी मान हलवतोय. घाट आला कधी, विमान वळलं कधी, मला माहीत नाही. चाकं परत मातीला लागल्यावर मी डोळे उघडले.

उतरल्यावर तुम्ही हसलात. "क्यों रे, जमीन का शेर, गीला तो नै हुआ?" मग नकाशा पसरलात आणि अर्धी लाल, अर्धी निळी पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "निकाल तलाव. ये पेन्सिल तेरीच." मी नुसतं म्हणायचं होतं, उस्ताद, मी बघितलं नाही. हसला असतात, आणखी दोन दिवस चिडवलं असतंत. तेवढ्याला मी भ्यालो. दिवाळीनंतर त्या बाजूनं पायी गेलो होतो तेव्हा घाटाच्या पायथ्याला भरलेलं तळं होतं. कमळं होती, बगळे होते. तेच आठवून मी निळा ठिपका काढला. तुम्ही त्याच्यापासून उजवीकडं, घाटाकडं एक बाण ओढलात. "पानी दिखा के सीदे हात कू मुडना. बराबर देखा ना?"

"हौ उस्ताद," मी म्हणालो.

चैत्रात तुम्ही त्या वाटेनं पहिल्यांदा एकटे येणार होतात. धुळीनं आभाळ पिठासारखं झालेलं. मी पेट्रोलचे डबे मांडून सकाळपासून उभा. कातडं वाळून कडक झालं. तिसऱ्या दिवशी कळलं की विमान घाटाच्या पलीकडं डोंगराला लागलं. मग एक साहेब नकाशा घेऊन आला. त्याचा एक कोपरा जळालेला, माझा ठिपका तसाच. "ये किसने निकाला?" मुकादमानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "साहेब, मला लिवता येत नाय." तुम्ही शिकवलेलं मी तिथंच नाकारलं. पेन्सिल खिशात मांडीला टोचत होती. दुसऱ्या दिवशी न सांगता निघालो आणि पाय आपोआप अजिंठ्याच्या वाटेला लागले.

घाट उतरलो. तळ्यात पाणी नव्हतं. थेंबभरसुद्धा नाही. भेगाळल्या गाळात टरबुजांचे वेल पसरले होते आणि एक म्हातारी राखण करत होती. मी विचारलं, "मावशी, पाणी कधी आटलं?"

"दरसाल संक्रांतीला आटतंय की. मग आमी येल लावतो. तू कुठला रं? एवढं ठावं नाय?"

म्हणजे फाल्गुनात मी डोळे उघडले असते तर खाली चिखल आणि वेल दिसले असते. ती पुढं आपणहून बोलली, "आठ-धा दिस झालं, इमान लई खाली आलं व्हतं बाबा. माजी शेरडं उधळली. तीनदा फिरलं हितंच. काय तरी हरवल्यावानी."

ती म्हणाली, उन्हाचा आलास वाटतं, बस. तिनं एक टरबूज फोडून निम्मं पुढं केलं.

धूळ होती, डोळा अधू होता, विमानही तुम्हाला नवंच होतं. बारा वर्षं मी स्वतःला हे सांगतो आणि त्या तीन घिरट्यांपाशी येऊन थांबतो. हे पत्र लाल बाजूनं लिहितोय. निळी तेव्हापासून वापरली नाही. कागद घडी करून पेन्सिलीभोवती गुंडाळून ठेवीन, आणखी कुठं पाठवणार? फक्त एक राहिलं, ते कुणालाच सांगितलेलं नाही. तिथं, तळ्याच्या मधोमध बसून, मी ते टरबूज खाल्लं, उस्ताद. सगळं. आणि अजून मागितलं.