पिवळ्या हातांची नोंद

॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व), ४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मृणाल हिस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही मासेरूला जाऊन तीन वर्षं झाली, तरी आई अजून सगळ्यांना सांगते की मुलगी-जावई साऊथ आफ्रिकेच्या पोटात राहतात. लेसोथो हा स्वतंत्र देश आहे, फक्त चारी बाजूंनी वेढलेला, असं मी नकाशा काढून समजावलं. ती म्हणाली, मग पोटातच की. माझ्या बत्तीस वर्षांच्या अध्यापनाचा असा निकाल लागला.

पत्र कागदावरच लिहितो आहे. कृतिका त्याचा फोटो काढून तुला धाडेल. मुलीकरवी आधुनिक व्हायला बापाची हरकत नाही.

आता कामाचं. आपला कुलवृत्तांत छापायला निघाला आहे. सप्टेंबरात ठाण्याला प्रकाशन. संपादक मी, म्हणजे चुका माझ्या आणि हारतुरे समितीचे. तुझ्या रत्नदीपरावांची नोंद 'वस्त्रोद्योगात उच्चाधिकारी' अशी केली आहे. ते जीन्सच्या कारखान्यात पाळ्या लावतात हे पुढच्या पिढ्यांना कळायची घाई नाही. बाबांवर अनुष्टुभात चार ओळी रचल्या आहेत. त्यांत ते 'रसायनविद्येत निष्णात' झाले आहेत. ओळी सोबत जोडल्या आहेत. वृत्त निर्दोष आहे. बाकी तपासून कळव.

न मागता आशीर्वाद देत राहणारा,
सहदेव


मासेरू, ११ ऑगस्ट २०२४

ती. दादास मृणालचा सा. न. वि. वि.

इकडे ऑगस्टात हुडहुडी भरते. तू शाल पांघरून वाच, म्हणजे वातावरण जमेल.

तुझ्या ओळी मिळाल्या त्याच रविवारी आम्ही लिनेओच्या गावी गेलो होतो. लिनेओ म्हणजे रत्नदीपच्या कारखान्यातली, शिलाईच्या एका रांगेची मुकादम. तिची आई ऐंशीची, खांद्यावर जाड लोकरी ब्लँकेट पिनेने अडकवलेलं. आपण देव्हारा ठेवू अशा जागी भिंतीवर खाणीतलं हेल्मेट टांगलं होतं. पाहुण्याला आधी ते दाखवतात.

मग म्हातारीने घराण्याचा इतिहास तोंडी सांगितला. लिनेओचे पणजोबा पायी चालत किंबर्लीला गेले, हिऱ्यांच्या खाणीत. आजोबा वेल्कमला, सोन्याच्या खाणीत, बावीस वर्षं. वडील त्याच खाणीत उतरले, खोकला घेऊन परत आले आणि त्या खोकल्यातच गेले. पुढे खाणींनी माणसं काढली, तेव्हा घरच्या बायका शिलाई मशीनवर बसल्या. लिनेओची मुलगी आता सीमेपलीकडे द्राक्षं तोडते. दादा, म्हातारीने एकालाही बढती दिली नाही.

जेवणाआधी पाहुण्याच्या हातांवर पाणी घालायची त्यांची रीत आहे. लिनेओने माझ्या हातांवर घातलं, मग स्वतःचे धुतले. जीन्सचा निळा रंग नखांच्या मुळाशी तसाच राहिला. मला बाबांचे हात दिसले, कोपरापर्यंत पिवळे. त्यांची उशीसुद्धा पिवळी व्हायची, आठवतं? नेमकं तेव्हाच म्हातारीने विचारलं, तुझे वडील काय काम करायचे. मी सांगितलं, केमिस्ट होते. ती आदराने मान हलवत राहिली. त्या हेल्मेटखाली बसून मी खोटं बोलले.

ते रंगाची पिंपं भरायचे रे. एकवीस वर्षं. आपल्याला लाज नक्की कशाची वाटते?

आणि एक विचारायचं राहिलंय. बाबा तुला 'काय शेजारी' अशी हाक का मारायचे? लिनेओच्या घरी प्रत्येक हाकेमागे गोष्ट आहे. मला आपल्या घरातली एवढीशी माहीत नाही.

चिडलास तरी उत्तर देशील या भरवशावर,
तुझी मृणाल


॥ श्री ॥
डोंबिवली (पूर्व), १८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मृणाल हिस आशीर्वाद.

चिडलो होतो. तीन दिवस. चौथ्या दिवशी लक्षात आलं की माझ्या बाजूने बोलणारं फक्त वृत्त आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. मी नववीत होतो. कल्याणला संस्कृत पाठांतराची स्पर्धा होती, त्यात पहिला आलो. बाबा पाळी सुटल्यावर घरी येऊन, हात धुऊन, तुला घेऊन तिथे आले. हात धुऊन काही उपयोग नसायचा, तुला ठाऊक आहे. तुझ्या पांढऱ्या फ्रॉकवर त्यांची बोटं उमटली होती. परीक्षक शास्त्रीबुवांनी मला विचारलं, हे तुझे वडील का. मी म्हणालो, नाही, आमचे शेजारी.

बाबांनी ऐकलं. तुझं बोट सोडून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. शास्त्रीबुवांना म्हणाले, हो, शेजारीच आम्ही. पण मुलगा गुणी आहे हो, चाळीचं नाव काढलं त्याने.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, काय शेजारी, झाली का झोप? मग अखेरपर्यंत तेच. तुम्ही सगळे हसायचात, म्हणून मीही हसायचो. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी एकदा क्षमा मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, शेजाऱ्याशी कसली औपचारिकता, जा, वरातीचं बघ.

त्या स्पर्धेत वडील निदान तोंडीच नाकारले होते. आता तेच छापायला निघालो होतो, अनुष्टुभात.

चार ओळी काढून टाकल्या. समितीचे अध्यक्ष महेंद्रकाका म्हणाले, न्यायाधीश आणि डॉक्टरांच्या पानावर पिंपं बरी दिसणार नाहीत. मी म्हटलं, मग संपादकाचं नावही काढा. ते म्हणाले, अरे तुला झालंय काय. मी म्हटलं, उशीर झालाय. शेवटी त्यांनी मान्य केलं.

त्या आजींना माझा नमस्कार सांग, आणि आमचे वडील केमिस्ट नव्हते हेही सांग. तू सांगायला लाजलीस तर मी लिहून देईन. मला आता सराव आहे.

नवी नोंद काल आईला वाचून दाखवली: 'सखाराम महिपत. डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात पिंपं भरण्याचं काम, एकवीस वर्षं. हात कोपरापर्यंत पिवळे. कन्या मृणाल. पुत्र सहदेव.'

आईने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, शेवटचे दोन शब्द परत वाच.

उरलासुरला लोभ ठेव,
सहदेव