साखरपाण्याचं बोट

३ जून
नातू झाला! आमच्याच वॉर्डात, चार नंबरच्या पलंगावर. चौतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे मी, बाळं किती हाताळली देव जाणे — आणि याची नखं बघत बसले वेड्यासारखी. इवलीइवलीशी, पण वाढलेलीसुद्धा! पोटातल्या अंधारात कुणी घडवली असतील? सून म्हणाली, "आई, अहो मलाही बघू द्या की!"

४ जून
सुंतेचा फॉर्म आला. मुलगा झाला की इथे दुसऱ्या दिवशी येतोच, लसीच्या कागदांबरोबर. धर्माबिर्माचा संबंध नाही, नुसती पद्धत. माझा मुलगा पेन शोधायला लागला. सून म्हणाली, "थांब." झालं, जुंपली!

"माझी केली होती. माझं काय बिघडलं?"

"तुझं तुझ्यापाशी. याचं याला ठरवू दे, मोठा झाला की."

"अगं, मोठेपणी जास्त त्रास होतो!"

मोठ्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, फायदे आहेत, थोडे. धोकेही आहेत, थोडे. तुम्हीच ठरवा. म्हणजे ये रे माझ्या मागल्या!

आणि मी, चौतीस वर्षं हेच बघणारी, लसीचे कागद सारखे करत बसले!

५ जून
सुंतेच्या वेळी माझं काम काय, तर बाळाचे पाय धरायचे, साखरपाण्यात बुडवलेलं बोट तोंडात द्यायचं. बाहेर येऊन आईला सांगायचं — "रडला नाही हो, काही कळत नाही त्यांना." तोंडपाठ आहे.

आज मुलाने विचारलं, "आई, मी रडलो होतो?"

त्याच्या वेळी बाळंतपणातून उठून मीच आत गेले होते. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होईना. अठ्ठावीस वर्षं त्याला तेच तोंडपाठ सांगितलं. आज जीभ रेटेना.

"रडलास. आवाज बसेपर्यंत. साखरपाणी थुंकलंस. पण माझं बोट मुठीत धरलंस, ते शेवटपर्यंत सोडलं नाहीस."

वाटलं, चिडेल. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"पाय तूच धरले होतेस... तरी?"

"तरी."

पाय दाबून धरणारी मी, आणि आधार माझाच! दोन दिवसांच्या जिवात एवढा विश्वास येतो कुठून? अंगावर काटा आला. तेव्हा का नाही आला?

६ जून
घरी आणलं. फॉर्म कोराच परत गेला. मुलगा एवढंच म्हणाला, "बघेल त्याचं तो."

लंगोट बदलताना सवयीने माझे हात घोट्यांवर गेले. त्याने पाय झाडले. सोडले मी. काय लाथा मारतो, बाई! मुलगा, सून, मी — तिघंही बघत उभे.

९ जून
ड्यूटी. चार नंबरला नवी आई, फॉर्म मांडीवर.

"सिस्टर, रडतो का हो?"

"हो," म्हटलं. "रडतो."

तिने पेन खाली ठेवलं. "मग सगळंच सांगा. बसा ना."

बसले.