घरपट्टीसाठी बांधलेला उतार

मु. बोरवाडी, ता. दारव्हा
जानेवारी २००६

आदरणीय सत्यभामाताईस,

धाकटा भाऊ धर्मपाल याचा साधनासह सप्रेम जयभीम. इकडे आम्ही मजेत आहोत (माझी कंबर तेवढी नाही, त्याचा खुलासा पुढे येईल). तुझी तब्येत कशी आहे? यवतमाळला लेकीकडे छान करमतं, असं तू दर पत्रात लिहितेस. मी ते साधनाला वाचून दाखवतो आणि आमचा दोघांचाही त्यावर विश्वास बसत नाही.

तर हकिगत अशी. आमच्या पंचायतीने यंदा ठराव केला, की घरातल्या अपंग माणसासाठी जो पायऱ्यांच्या जागी उतार बांधेल, त्याला घरपट्टीत सूट. सूट सोडण्याचा आपल्या घराण्याचा स्वभाव नाही (बाबांनी सूट मिळते म्हणून गुरं नसताना कडबा कापायचं यंत्र आणलं होतं). तेव्हा मी निव्वळ घरपट्टीसाठी, दुसऱ्या कुठल्याही कारणाने नव्हे, दारातल्या उंच पायऱ्या फोडल्या. त्याच त्या पायऱ्या, ज्यांवरून गेल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही चौघांनी तुला उचलून आत आणलं. जीपच्या अपघातात तुझे पाय लुळे पडले, जीभ शाबूत राहिली. म्हणालीस, "मी का कापसाचं गाठोडं हावो? आता नाई येत मी या घरी."

काम बशीरभाईला दिलं. हाताचा पक्का गवंडी, पण जन्मभर त्याने जिनिंग कारखान्यात कापसाच्या बैलबंड्या चढायचे खडे उतार बांधलेले. आपल्या दारातही तेच उभं केलं. मी शंका काढली तर म्हणाला, "भरली बंडी चढते ना भाऊ, मंग ताईची खुर्ची काहून नाई चढन?" आणि शेजाऱ्याची बंडी खरोखर चढवून दाखवली. बैल थेट समोरच्या खोलीत तोंड घालून कापूस खाऊ लागले. (त्या खोलीत यंदाचा सगळा कापूस आढ्यापर्यंत भरलाय. भाव चढल्याशिवाय त्यातलं बोंडही विकणार नाही, अशी मी पानठेल्यावर जाहीर शपथ घेतली आहे.)

मग ग्रामसेवक तपासणीला आले. दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आणली, पण बसणार कोण? मीच बसलो. साधना ढकलत होती. निम्म्यावर तिने पदर सावरायला हात सोडला. बैल पाय रोवून उभा राहतो, खुर्ची राहत नाही, हे बशीरभाईला आणि मला एकदमच कळलं. रस्ता ओलांडून मी उलटा समोरच्या उकिरड्यात. ग्रामसेवकांनी शांतपणे विचारलं, "घरातला अपंग माणूस कोणता?" शेजारची शकुबाई ओट्यावरून ओरडली, "थांबा साहेब, आता होऊनच राह्यला!"

तो उतार फोडून आता नवा बांधलाय, चांगला लांबलचक. काल साधना खुर्चीत बसून, आपल्याच हातांनी चाकं फिरवत वर आली. कुणी बोटही लावलं नाही. सहज कळवतो.

लेकीला आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
धर्मपाल

ता. क. सूट हवी तर अपंग माणूस त्याच घरात राहायला पाहिजे, असं ग्रामसेवक म्हणतात. भावाचं नुकसान होऊ नये म्हणून तरी ये.

पुन्हा ता. क. साधना म्हणते, खोटं लिहू नका. दुसरा उतार होईपर्यंत अर्जाची मुदत संपली. सूट काही मिळत नाही. तरी ये. तुझ्यावाचून घर खायला उठतं गं.

शेवटचा ता. क. तुझी खाट समोरच्या खोलीत खिडकीपाशी टाकली आहे. तिथला कापूस परवा विकला. भाव विचारू नकोस.