चुन्याखाली गेलेला पासवर्ड

फरहीन बेटा,

समज, भावंडांनी गेम खेळू नये म्हणून एका आजोबांनी नातीच्या लॅपटॉपचा पासवर्ड बदलला आणि मास्तरकीच्या सवयीनं खडूनं दारामागच्या भिंतीवर लिहिला. काल दादीनं ईदसाठी त्याच भिंतीला चुना दिला. आजोबांना आता त्यातलं एकही अक्षर आठवत नाही, आणि नातीला विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल आज पाचच्या आत पाठवायचाय.

ते आजोबा मीच. दादी म्हणाली, "गावाच्या लेकरायला शिकवलं, सोताला काय शिकवलं?" बराबर बोलली. नवा पासवर्ड घालायचा पेनड्राइव्ह जुनेदचाचाकडं ठेवलाय. तो आणायला त्याच्या गावी, जवळा बाजारला चाललोय. अंदाजानं काही टाकू नकोस, लॅपटॉप पार अडेल.

मी पाचच्या आत पोचलो नाही तर? तर गोष्टीचा शेवट असा समज:

नात रडली, आजोबांना मनसोक्त बोलली, आणि वही उघडून अहवाल आठवेल तसा पुन्हा लिहू लागली.

— दादा