न वाजलेली घंटी

प्रिय ताई, आधी नीट बसून घे,

तुझी भाची व्हायोलिनच्या स्पर्धेत बाद झाली. तू नको म्हणाली होतीस, तरी मी तिला नेलं. "मुलांची शर्यतीची घोडी करता तुम्ही," हे तुझं बोलणं वाटभर कानात होतं.

नियम साधा होता. वेळ संपत आली की एक बाई घंटी वाजवणार, मग आवरतं घ्यायचं. वेळ उलटली तर बाद.

तिने वाजवायला घेतलं. घरी रियाजाला बस म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी हीच ती पोर. ताई, त्या संथ सुरांवर अख्खं सभागृह थिजलं. खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले. मी तिची आई, पण हे कोण वाजवतंय ते मला कळेना.

घंटी वाजलीच नाही. वेळ उलटून गेली आणि परीक्षकांनी हळहळत नियमावर बोट ठेवलं.

बाहेर घंटीवाल्या बाई आल्या, अगदी रडवेल्या. "माझा हात घंटीवरच होता गं. वाजवायचं भानच राहिलं नाही."

मी भांडायला तोंड उघडणार, तोच तुझी भाची म्हणाली, "म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत?" तिचा चेहरा असा उजळला, की पहिलं बक्षीस घेणाऱ्या मुलाचाही तसा नव्हता.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू म्हणशील, बघ, मी सांगत नव्हते? आणि तुझं खोटंही नाही, अन्याय झालाच. पण तू तिथे नव्हतीस, ताई. मी होते.

अजून अंगावर काटा असलेली,
तुझी धाकटी