रोबोटचा उजवा हात

सोमवार, ३ फेब्रुवारी
कॉलेजच्या रोबोट टीमची मीटिंग. कॅप्टनने कामं वाटली. वायरिंग-कोडिंग चष्मिसला, चाकं ती स्वतः बघणार, आणि हात मला! रोबोटने जमिनीवरचा खोका उचलून उंच फळीवर ठेवायचा. फळीवर ठेवला तर घसघशीत पॉइंट, जमिनीवरच्या गोलात नुसता ढकलला तर किरकोळ. म्हणजे सगळी स्पर्धा हातावर. म्हणजे माझ्यावर.
कॅप्टन म्हणाली की साधा ठेव, एक सांधा, एक मोटर. मी लगेच हो म्हटलं. मनात तेव्हाच दोन सांधे ठरले होते. कोपर नसेल तर तो हात कसला, दांडकं!
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून डिझाइन.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी पावणेदहा
पहाट हुकली. पण माझा मेंदू झोपेत जास्त चालतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी
डिझाइन पूर्ण! स्क्रीनवर हात असा काही फिरतो की बघत राहावं. आईला बोलावून दाखवला. छान आहे म्हणाली, पण हा टाटा कुणाला करतोय, असं विचारलं. तिला सिम्युलेशन समजावलं. मान डोलवत होती, पण कान कुकरच्या शिट्टीकडे.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वर्कशॉपच्या सरांना गणित दाखवलं. खोक्याचं वजन, हाताची लांबी, मोटरचा जोर, सगळं चोख. सरांनी दोनदा वाचलं आणि विचारलं की यात हाताचं स्वतःचं वजन कुठे धरलंयस?
जुन्या माणसांची हीच अडचण. बारीकसारीक गोष्टींत अडकतात. अहो, हात उचलणारा आहे. त्याला कशाला कोणी उचलायचं?

सोमवार, १० फेब्रुवारी
मोटर बसवली. खोका नसतानाच हात वर जाईना. मोटर गुरगुरली, तापली, जळका वास सुटला. चष्मिस फिदीफिदी हसत होता. वॉर्म-अप चाललाय, असं त्याला सांगितलं.
उपाय: खांद्याला मोठी मोटर.

बुधवार, १२ फेब्रुवारी
खांदा झकास! आता कोपर लुळं पडतंय. कोपरालाही मोठी मोटर लावली.
संध्याकाळी: कोपर झकास! पण त्याच्या वजनाने खांदा बसला. खांद्याला आणखी मोठी मोटर. काम नुसतं धावतंय पुढे.

शनिवार, १५ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. हाताने खोका पकडला, मी बटण दाबलं, आणि उचललं! खोका नाही. रोबोटची मागची चाकं. नाक जमिनीला टेकून त्याने सर्वांसमोर लोटांगण घातलं. पण हातात ताकद आहे, हे तर सिद्ध झालं ना!
तोल साधायला मागे दादाचं डंबेल बांधलं. दादाने त्याला कित्येक महिन्यांत हात लावलेला नाही. त्याला पत्ताही लागणार नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
दादाने नेमका आजच व्यायाम सुरू केला. कान अजून गरम आहे. जास्त लिहीत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
डंबेल गेलं, त्याजागी लोखंडी पट्ट्या आल्या. रोबोट आता स्पर्धेच्या वजनात बसत नाही. कॅप्टनने शांतपणे सांगितलं की शुक्रवारी हात चालला नाही तर हाताशिवाय जायचं. ती ओरडते तेव्हा बरं वाटतं. शांत झाली की मी थेट वर्कशॉप गाठतो.
उपाय सुचला: भोकं! हाताला ड्रिलने भोकंच भोकं पाडली. वजन झर्रकन उतरलं. काय देखणा दिसतोय! सर म्हणाले की यातून चहा छान गाळला जाईल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
चालला!!! खोका उचलला, फळीवर ठेवला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! कॅप्टनने टाळी दिली. चष्मिससुद्धा भारी म्हणाला. कॅप्टनने पुन्हा एकदा करून बघू म्हटलं. मी साफ नकार दिला. यंत्राला विश्रांती लागते.
आरशासमोर भाषणाची तयारी केली. ‘हे यश एकट्या माझं नाही.’ हे म्हणताना मान किंचित खाली. छान दिसतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी, दुपारी
पहिली फेरी झाली. हात वर गेला. खोका फळीला टेकणार, तेवढ्यात मी दोन्ही हात उंचावून ओरडलो. तेवढ्यातच भोकांच्या रांगेवर हात कागदासारखा मुडपला. खोका उडून परीक्षकांच्या टेबलावर. टेबलावरचं पाणी परीक्षकांच्या मांडीवर. त्यांनी विचारलं की हे डिझाइनमध्ये होतं का. मी हो म्हणणार होतो, कॅप्टनने पाय दाबला.
मग तिने पाना मागितला. मी दिला. तिने आणि चष्मिसने हात उतरवायला घेतला. बोल्ट निघेनात, कारण मी जीव तोडून आवळले होते. शेवटी मलाच बोलावलं. एकेक बोल्ट काढून मी कॅप्टनच्या हातात ठेवला.

संध्याकाळी
हाताचं ओझं गेलं आणि रोबोट वेड्यासारखा सुटला! बाकीचे रोबोट फळीशी झुंजत होते, आमचा एकेक खोका ढकलून गोलात टाकत होता. गर्रकन वळायचा, खोका, पुन्हा गर्रकन. मी इतका ओरडलो की घसा बसला. तिसरे आलो! चष्मिसने मला मिठी मारली, मी कॅप्टनला चुकून सर म्हणालो.
ग्रुप फोटोत मी मागे, वाकडा हात उंच धरून. फोटोवाला म्हणाला की ते भंगार खाली घ्या, पाठीमागचा बॅनर दिसत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी
आईने विचारलं की तुझा हात चालला का. हात काढला आणि तिसरे आलो, असं सांगितलं. तिने विचारलं, काढायचं सुचलं कुणाला? बोल्ट मीच काढले, म्हटलं. शाबास म्हणाली, आणि वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितलं.
हात पुरला नाही. स्टूल आणलं.